म्हणे सात दिवसांत मसाज थेरपिस्ट!

कराडच्या माझ्या मावसबहिणीने परवा रात्री साडेदहाला मसाजच्या कोर्सच्या जाहिरातीचा एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "ताई, पैसे भरू का? उद्या शेवटची तारीख आहे." हाच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आणि माहेरच्या ग्रुपवर एकदा येऊन गेला होता. तेव्हा मी न वाचताच पुढे सरकले होते. पण हिने भिशीचे साडेचौदा हजार बाजूला काढून ठेवलेत म्हटल्यावर झोप उडाली.

मी 11 वर्षं मालिशचंच काम करते. आधी एका हॉटेलच्या स्पामध्ये होते, आता एका फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली क्लिनिकमध्ये आहे. त्यामुळे या कामाला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. या कामावर माझं घर चाललंय.

मेसेजचा मथितार्थ असा: सात दिवसांत सरकारमान्य मसाज थेरपिस्ट व्हा. शिक्षणाची अट नाही, आंधळासुद्धा करू शकेल इतकं सोपं. रोज दहा क्लायंट, महिना दीड लाख. मालिशने शरीरातली विषं बाहेर पडतात, पक्षाघात बरा होतो, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या विरघळतात. परदेशात प्रचंड मागणी.

आधी गुठळ्या. बाकीच्या थापांत पैसे जातात, या थापेत माणूस जातो.

पाय प्लास्टरमध्ये असला, ऑपरेशननंतर माणूस पडून राहिला, की कधीकधी पायातल्या खोल शिरेत रक्त साकळतं. ही गुठळी रगडून विरघळत नाही. उलट ती शिरेतून सुटू शकते, आणि मग रक्ताबरोबर हृदयात आणि तिथून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. दिल्लीतलं एक प्रकरण 2017 साली वर्तमानपत्रांत आलं होतं. 23 वर्षांचा मुलगा, बॅडमिंटन खेळताना घोटा दुखावलेला. प्लास्टर काढल्यावरही पाय दुखत होता, सुजला होता, म्हणून आईने तेल लावून चोळून दिला. थोड्याच वेळात त्याला धाप लागली आणि तो गेला. एम्सच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून लिहिलं की पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती. त्या माउलीला काय बोल लावणार? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इथे मात्र फी घेऊन उलटं शिकवतायत, की गुठळी दिसली की हात चालवा!

आता आपल्या घरातलं बघा. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे पायात रक्त साकळायचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो. आपल्याकडे बाळंतिणीला मालिश करतात तो सवा महिना नेमका हाच. म्हणजे मालिश बंद करा असं मी म्हणत नाही, माझ्याही आईने माझी केली होती. पण दोन पायांपैकी एकच पाय सुजलाय, पोटरी गरम लागतेय, दुखतेय, तर त्या पायाला हात लावायचा नाही, तेलाची वाटी खाली ठेवून डॉक्टरकडे पाठवायचं. मी स्पामध्ये असताना लांबच्या विमानप्रवासाहून आलेल्या एका पाहुण्यांचा पाय असा दिसला, म्हणून मी मालिश नाकारली. मॅनेजर माझ्यावर उखडला, पैसे परत द्यावे लागले म्हणून. पुढे त्या पाहुण्यांचं काय झालं ते मला कळलं नाही. तरी आजही मी तेच करेन. कधी हात लावायचा नाही हे कळायलाच मला पहिलं वर्ष गेलं.

पक्षाघाताचंही तसंच. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर ती गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, आणि ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते तास मालिशवाल्याच्या ओसरीवर गेले, तर नंतर कितीही तेल जिरवा. पुढचे महिने हात-पाय परत चालायला लागतात ते व्यायामाने. आखडलेलं अंग मालिशने थोडं सैल होतं, बस्स.

विषं बाहेर पडतात म्हणे. कोणतं विष, नाव सांगा. व्यायामानंतरचं लॅक्टिक ॲसिड म्हणत असाल तर ते तासाभरात आपलं आपण ओसरतं. बाकीचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनपगारी करतात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते, कारण तीच माझी भाकरी आहे. मालिशने दुखणं कमी होतं, हे खोटं नाही. कंबरदुखीवरच्या 25 चाचण्या, मिळून 3,000 वर माणसं, असं सगळं एकत्र तपासून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये अहवाल काढला. थोड्या काळापुरता आराम पडतो, असं त्यात निघालं. आणि त्याच दमात त्यांनी हेही लिहिलं की पुरावा इतका कच्चा आहे की मालिश हा कंबरदुखीवरचा उपाय आहे असं खात्रीने म्हणवत नाही. म्हणून मी पेशंटला सांगते, आज रात्री झोप लागेल, पुढच्या महिन्याचं माझ्याकडे मागू नका.

दीड लाखाचा हिशोब त्यांनी सोपा केलाय: दहा जण, 500 रुपये, 30 दिवस. गणित बरोबर आहे, फक्त महिन्यात एकही सुट्टी नाही आणि 500 मधला रुपयाही मालकाला, तेलाला, रिक्षाला जात नाही. आणि दिवसाला दहा मालिशी? मी पाच करते, सहाव्याला अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. चाळिशीच्या आत हा धंदा सोडलेल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत, दोघींचे अंगठे गेले.

"सरकारमान्य"ची तर कमाल आहे. बहिणीने प्रमाणपत्राचा नमुना पाठवला. त्यावर आयएसओचा शिक्का आणि उद्यम नोंदणीचा क्रमांक. आयएसओ 9001 हे प्रमाणपत्र संस्थेच्या कारभाराचं असतं, तुझ्या हातांचं नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधार क्रमांकावर घरबसल्या फुकट होते, उद्या मी माझ्या पापडांची करीन. खरा कोर्स हवा तर ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल या या क्षेत्रातलं कौशल्य-प्रशिक्षण ठरवणाऱ्या संस्थेचा स्पा थेरपिस्टचा आहे. पण तो सात दिवसांत उरकत नाही.

परदेशाचं म्हणाल तर न्यूयॉर्क राज्यात परवान्यासाठी 1,000 तासांचं शिक्षण लागतं, वर परीक्षा. यांचे सात दिवस, रोज सहा तास धरले तरी 42.

आणि ते "आंधळासुद्धा". मला सगळ्यात राग याचा आला. दक्षिण कोरियात मालिशचा परवाना फक्त दृष्टिहीनांनाच मिळतो, 2008 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानेही ते उचलून धरलं, आणि त्यासाठी त्यांना काही वर्षं शिकावं लागतं. सोपं आहे म्हणून नाही.

सकाळी बहिणीला म्हटलं, त्या कोर्सवाल्या सरांना फोन लाव आणि एवढंच विचार, की पायात गुठळी आहे हे हात लावायच्या आधी ओळखायचं कसं. तिने स्पीकरवर ठेवून विचारलं. पलीकडे दोन क्षण शांतता. मग सर म्हणाले, "मॅडम, ते डॉक्टर लोक घाबरवतात. तुम्ही आज बुकिंग केलंत तर दोन हजार कमी करतो."