"डिक्शनरी उघडत जा" म्हणणाऱ्यांना

इंग्रजी 'नाइस' (nice) शब्दाचा 'काटेकोर, सूक्ष्म' हा जुना अर्थ अजून जिवंत आहे, असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया कालपासून चार वेळा वाचली. "नाइस म्हणजे छान, बस. 'काटेकोर' हा अर्थ केव्हाच मेलाय, लिहिण्याआधी डिक्शनरी उघडत जा." मतभेद असू द्या हो, पण ते शेवटचं वाक्य कशासाठी? समोरासमोर बसलो असतो तर असं बोलला असतात का?

एक चूक मान्य. 'मूर्ख' हा अर्थ इंग्रजीत १३०० च्या आसपास आला, मी घाईत पंधरावं शतक लिहिलं. दुरुस्त केलंय, आभार.

पण अर्थ 'मेला' म्हणता ते कशावरून? मूळ लॅटिन 'नेस्कियुस', म्हणजे अजाण, तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो मूर्ख म्हणून, मग नखरेल, चोखंदळ, मग काटेकोर, सूक्ष्म, आणि 'छान' तर थेट अठराव्या शतकात रुळला. म्हणजे तुमचा एकुलता एक अर्थ सगळ्यात धाकटा आहे! आणि थोरला भाऊ अजून घरातच आहे, 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीक फरक, छान फरक नव्हे. 'नाइसिटी' शब्द तर तुम्हीही ऐकला असेल, त्यात छानपणा कुठे दिसतो, बारकावाच आहे ना?

मी १९ वर्षं भाषांतरं करतोय. अगदी सुरुवातीला एका निकालपत्रात 'अ नाइस पॉइंट ऑफ लॉ' आलं आणि मी बिनधास्त 'कायद्याचा छान मुद्दा' लिहून मोकळा झालो. सीनियरनी 'छान'भोवती लाल पेनानं गोल केला आणि समासात लिहिलं, "सूक्ष्म." एकच शब्द. तो कागद मी आजही जपून ठेवलाय, त्यामुळे मला डिक्शनरी उघडायला सांगण्याआधी जरा विचार करायचात.

आपल्याकडेही हेच होतं की. संस्कृतात 'साहस' म्हणजे अविचारी कृत्य, बळजोरी, आज आपण साहसी मुलांचं कौतुक करतो. पण तिथे जुना अर्थ मराठीतून जवळजवळ गेलाय, 'नाइस'चा गेलेला नाही, आणि लेखात मी एवढंच म्हटलं होतं.

उच्चार, उदाहरणं कमी, लेख लांबला, वगैरे बाकीच्या तक्रारींवर बोलण्यासारखं काही नाही. 'मेलेल्या' अर्थाबद्दल मात्र पुन्हा लिहा, जरूर लिहा, फक्त ते डिक्शनरीचं वाक्य गाळून.