जवसाची जाळी आणि कटाची आमटी

भाच्याच्या साखरपुड्यालाच ताईने बजावलं होतं, "पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतोय, आणि ते मामालाही लागू आहे." मी म्हटलं, ठीक. विकतचं काही देणार नाही, हाताने विणलेलं देईन. हाताने विणलेलं आहेरात मोडत नाही, हा माझा कायदेशीर मुद्दा होता. पायजम्यात नाडी ओवण्यापलीकडे माझा धाग्याशी कधी संबंध आलेला नाही, हा मुद्दा हिने काढला.

बँकेतून निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते. या काळात माणूस एक तर सोसायटीच्या कमिटीवर जातो, नाहीतर काहीतरी शिकतो. मी दोन दिवसांचं विणकामाचं शिबिर केलं आणि येताना टेबलावर ठेवायचा छोटा माग घेऊन आलो. त्यातला 'टेबलावर ठेवायचा' हा भाग मी नीट ऐकलेला नव्हता. आमच्या घरात टेबल एकच आहे, जेवणाचं. फेब्रुवारीत माग त्यावर चढला. टेबलावर अंथरायच्या मॅट विणायच्या म्हणून टेबलच गेलं, आणि आम्ही दोघं तीन महिने सतरंजीवर ताटं घेऊन बसलो. आमच्याकडे पाहुणे 'जेवायला काय आहे' असं विचारत नाहीत, 'कुठे आहे' असं विचारतात, असं ही फोनवर कुणालातरी सांगत होती.

बेत असा होता : सहा मॅट, पांढऱ्या लिननच्या, अंगभर जाळीची नक्षी. पस्तीस सेंटिमीटर रुंदी, सेंटिमीटरला आठ धागे, म्हणजे 280 उभे धागे. प्रत्येक मॅटला मुडपणं आणि आटणं धरून पंचावन्न सेंटिमीटर, त्यात मागाला बांधण्यात वाया जाणारं धरलं की ताणा, म्हणजे हे उभे धागे, चार मीटर लांब. गुणाकार केला. 1,120 मीटर. एक किलोमीटरहून जास्त धागा फक्त ताण्याला, बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, हिशेब वेगळा.

विणकरांच्या आळीत पूर्वी ताणा गल्लीभर पसरायचा. आमच्याकडे गल्ली नाही, त्यामुळे तो हॉलच्या खिडकीच्या गजापासून बेडरूमच्या कडीपर्यंत पसरला. दोन दिवस कामवाल्या मावशी त्याखालून वाकून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "दादा, आज वरनं जाऊ का खालनं?" चौथ्या दिवशी त्या आल्याच नाहीत.

लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. आपल्याला जवस माहीत ते चटणीपुरतं. हा धागा ओला असताना मजबूत आणि कोरडा असताना अत्यंत मानी. सुतासारखा ताणला जात नाही. जरा ओढलं की तुटतो. पुण्यातली मार्चमधली हवा म्हणजे पापड वाळवायला उत्तम, लिननला वाईट. रोज तीन-चार धागे तुटायचे. त्यावर जुना उपाय असा की, जवसच पाण्यात उकळायचे, त्याचा बुळबुळीत चीक निघतो, त्याची खळ धाग्यांना लावायची. म्हणजे जवसाच्या धाग्याला जवसाचाच चीक. हिने चटणीसाठी निवडून ठेवलेली बरणी मी उचलली. संध्याकाळी जेवताना ही म्हणाली, "चटणी मागाला वाढलीय. तुम्ही लोणचं घ्या."

खरा छळ पुढे होता. प्रत्येक उभा धागा चार चौकटींपैकी कुठल्यातरी एकीच्या तारेच्या डोळ्यातून ओवायचा, आणि मग धागे सारख्या अंतरावर धरणाऱ्या फणीतून. पाच-पाच धाग्यांचे गट, प्रत्येक गटाचा क्रम ठरलेला. या क्रमावरच जाळी अवलंबून. डोळा सुईच्या नेढ्याएवढा, माझा चष्मा दुहेरी भिंगाचा. वरच्या भिंगातून बघावं तर धागे दोन दिसतात, खालच्यातून बघावं तर मान छताकडे. पलीकडे बसून धागा पुढे करायचं काम हिच्याकडे. पाच संध्याकाळी लागल्या. संसारात इतका वेळ समोरासमोर बसून आम्ही कधी काढला नव्हता, आणि बोलणं म्हणाल तर "दे", "घे", "हा नव्हे".

विणायला बसलो आणि दहा सेंटिमीटर झाल्यावर कापडात एक उभी रेघ दिसली. धागा क्रमांक 143. तो तिसऱ्या चौकटीतून जायचा, दुसरीतून गेला होता.

इथे बँकेचा अनुभव उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं. कॉम्प्युटर यायच्या आधी आम्ही लेजरं जुळवायला रात्र-रात्र बसायचो. पाच पैशांचा फरक असला तरी घरी जायचं नाही. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की समजायचं, कुणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिलेत; 54चे 45 झालेत. काय सुंदर नियम! मागाला असला काही नियम नाही. चूक 143व्या धाग्यात, आणि माझ्या क्रमात तिथून पुढचा प्रत्येक धागा एक घर सरकलेला. पुढचे 137 धागे फणीतून काढा, डोळ्यांतून काढा, पुन्हा ओवा. कबीर मागावर बसून दोहे रचायचा म्हणतात. मला त्या रात्री जे सुचलं ते दोह्याच्या मापात बसणारं नव्हतं. ही आतल्या खोलीतून म्हणाली, "शेजाऱ्यांच्या मुलाची बारावी आहे. हळू."

मग मात्र लय लागली. चौकटी उचला, आडवा धागा नेणारा धोटा सोडा, फणी आपटा. खटके दाबण्याचा आवाज आमच्या शाखेतल्या जुन्या टंकलेखन यंत्राच्या आवाजाशी इतका जुळायचा की मधूनच मला चहाची तल्लफ यायची. सहा मॅटचे 2,640 आडवे धागे. रोज शंभरएक व्हायचे. पण जाळी? जाळी कुठेच नव्हती. सरळ, दाट, गप्प कापड. जरा जाडसर मांजरपाटच. ही चष्मा लावून वाकून बघायची आणि म्हणायची, "भोकं कुठायत?"

"येतील."

"कधी?"

"धुतल्यावर."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी आयुष्यभर कर्जदारांकडे पाहत आलो होतो. पैसे आहेत साहेब, फक्त यायचे आहेत.

एप्रिलच्या शेवटी कापड मागावरून कापलं. टेबल मोकळं झालं तरी त्या दिवशी आम्ही सवयीने सतरंजीवरच जेवलो. बादलीत कोमट पाणी, चिमूटभर साबण, आणि त्यात तीन महिन्यांची कमाई. मागावर धागे ताणून बांधलेले असतात. पाण्यात गेले की सैल होतात, खळ सुटते. जे पाच-पाच धागे मोकळे तरंगत ठेवलेले असतात ते एकमेकांना बिलगतात, आणि दोन गटांच्या मधे जागा उघडते. अर्ध्या तासाने मी कापड उजेडात धरलं. ओळीने भोकं. चौकोनी, नेटकी, ज्वारीच्या दाण्याएवढी. ही पदराला हात पुसत आली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे धुऊनच होणार होतं, तर रोज मला मागापाशी कशाला बोलवत होतात?" पण इस्त्री तिनेच केली, ओलसर असतानाच, उलट्या बाजूने. सहावी मॅट बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर आखूड निघाली. शेवटी शेवटी मी फणी जरा रागाने आपटत होतो.

लग्न झालं. दिवाळीत भाच्याकडे गेलो. जेवायला बसलो तर टेबलावर सनमायका. मॅट कुठे? भाचेसून आतून एक डबा घेऊन आली. पारदर्शक पिशवीत सहाही मॅट, मधे डांबराच्या गोळ्या. "मामा, इतक्या सुंदर आहेत, वापरायला जीवच होत नाही."

मी रागावलो. वस्तू वापरण्यासाठी असते, यावर पाचेक मिनिटं बोललो. तिने निमूटपणे मॅट मांडल्या. पुरणपोळी होती आणि सोबत कटाची आमटी, लालभडक, वर तेलाचा तवंग. हातवारे करून मी आखूड मॅटबद्दल सांगत होतो, आणि माझी वाटी कलंडली.

जाळीचा एक दोष असा की, ती काही अडवून धरत नाही. आमटी भोकाभोकांतून खाली गेली आणि सनमायक्यावरून शेजारच्या मॅटखाली शिरली. भाचेसुनेने मॅट उचलून बेसिनमध्ये साबणाने घासली, तशी हळद एकदम कुंकवासारखी लाल झाली. ती घाबरली. मी म्हटलं, साबणाने हळद लाल होतेच, उन्हात टाक, उडून जाईल. हे मी ज्या शांतपणे म्हणालो त्याचं मलाच कौतुक वाटलं. आत काय चाललं होतं ते हिला कळलं असावं, कारण तिने माझ्या ताटातली उरलेली आमटी आपल्या वाटीत ओतून घेतली.

तेवढ्यात भाचा आतून जाड प्लास्टिकचा एक मोठा तुकडा घेऊन आला आणि उरलेल्या मॅटवर त्याने तो नीट पसरला, कोपरे ओढून.

"आता बिनधास्त जेव, मामा."

मी जेवलो. प्लास्टिकखाली माझी जाळी स्वच्छ दिसत होती. वाटी मात्र त्यावरून सारखी घसरत होती.