जखमी पाखराला पाणी पाजण्याआधी

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : जखमी पक्षी दिसताच चोचीत पाणी घाला, दूध-पोळी भरवा, हळद लावा, माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई जवळ घेत नाही, म्हणून ते घरीच वाढवा, वनखात्याला कळवाल तर भानगडीत पडाल, आणि भूतदया असताना प्रशिक्षण हवेच कशाला? हेतू निर्मळ असला, तरी यातली एकेक सूचना पक्ष्याच्या जिवावर उठणारी आहे.

पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते. त्यामुळे मान टाकलेल्या घारीच्या चोचीत ओतलेले पाणी फुप्फुसांत उतरू शकते. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. हळदीने पिसे चिकटतात आणि डॉक्टरांना जखमही नीट दिसत नाही.

सर्वांत घातक समज पिल्लांबद्दलचा आहे. बुलबुल किंवा दयाळाची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात, झुडपांतून आणि जमिनीवर धडपडतात, आणि आईबाप तिथेच येऊन त्यांना भरवतात. असे पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू मांजरापासून दूर, जवळच्याच झुडपात ठेवून लांब राहावे. पिसे नसलेले पिल्लू घरट्यात परत ठेवावे. माणसाच्या वासाने पक्षी पिल्लू टाकतात, हे खरे नाही. सस्तन प्राण्यांचेही उदाहरण फार लांबचे नाही : जुन्नर भागात ऊसतोडणीत सापडलेले बिबट्याचे बछडे वनखात्याचे लोक हाताळतात, तपासतात आणि अंधार पडताना त्याच शेतात ठेवतात, आणि पुष्कळदा मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. तेव्हा पालक जिवंत असताना पिल्लू घरी आणणे ही सुटका नव्हे, पळवापळवी आहे. शिवाय माणसाच्या हातून वाढलेले घारीचे पिल्लू माणसालाच आपले मानू लागते. मग त्याला जंगलात सोडायचे कोणत्या भरवशावर?

कायद्याची भीतीही उलट्या टोकाने घातलेली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार वन्यप्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. म्हणजे भानगड होते ती न कळवता ठेवल्याने. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे आणि बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रही आहे.

राहिला प्रशिक्षणाचा मुद्दा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीला झाडावर अडकलेल्या घारी दिसतातच, आणि दयाळू माणूस पहिल्यांदा मांजा ओढून काढू पाहतो. त्या ओढण्याने पंखाचे स्नायू अधिकच कापले जातात. शिकलेला माणूस डोक्यावर फडके टाकतो, पाय आवरून धरतो, मांसात रुतलेला तुकडा तसाच ठेवून दोन्ही बाजूंचा मांजा कात्रीने कापतो आणि पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, काहीही न भरवता डॉक्टरांकडे पोचवतो. यातले काहीही निव्वळ कळवळ्यातून सुचत नाही. ते कुणीतरी दाखवावे लागते.