निळा रंग गेला म्हणजे प्रथिन मोडलं असं नाही

प्लास्टोसायनिनवरचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या तांब्याच्या प्रथिनावरचा, लेख आवडला, पण 'तापवल्यावर प्लास्टोसायनिनचा निळा रंग उडतो, म्हणजे प्रथिन मोडलं' या वाक्यापाशी अडलो. रंग दोन कारणांनी जातो: प्रथिनाची घडी उलगडल्याने, किंवा तांब्याला इलेक्ट्रॉन मिळाल्याने. तांब्याला एक इलेक्ट्रॉन मिळाला तरी द्रावण पाण्यासारखं दिसतं, प्रथिन मात्र धडधाकट असतं. थोडं फेरिसायनाइड (इलेक्ट्रॉन काढून घेणारं रसायन) घाला, निळाई परत येते. उलगडून गेलेल्या प्रथिनात ती येत नाही. (मी एकदा असाच रंगहीन क्युव्हेट (रंग मोजायची छोटी पारदर्शक कुपी) बेसिनमध्ये ओतून मोकळा झालोय, त्यामुळे जरा जास्तच बोलतोय.)

तापून उलगडलेलं प्रथिन थंड केल्यावर सहसा पूर्ववत का होत नाही, हे लेखात यायला हवं होतं. तांब्याला चार अमिनो आम्लं धरून असतात: दोन हिस्टिडिन, एक सिस्टीन, एक मेथिओनिन. घडी उलगडली की सिस्टीनचं गंधक उघडं पडतं आणि त्याचं ऑक्सिडीकरण होतं. मग तांबं पुन्हा धरायचं कशाने? बदल असा उलटत नाही, म्हणूनच नुसतं 'अमुक अंशाला वितळतं' (म्हणजे उलगडतं) म्हणून भागत नाही, किती वेगाने तापवलं तेही सांगावं लागतं.

आम्लतेची गोष्ट निराळी. पॉप्लर झाडाच्या प्लास्टोसायनिनमध्ये, क्षपित (तांब्याला इलेक्ट्रॉन मिळालेल्या) रूपात, सामू (pH) उतरला की ८७ क्रमांकाचं हिस्टिडिन प्रोटॉन घेतं आणि तांब्याला सोडून देतं. प्रथिन जागच्या जागी असतं, पण इलेक्ट्रॉनची देवघेव थंडावते. नेच्यातल्या एका प्लास्टोसायनिनमध्ये फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचं कडं या जागच्या हिस्टिडिनला चिकटून बसलेलं असतं, त्यामुळे ते आम्लातही काम करत राहतं.