फेब्रुवारीतले तीनशे रुपये

मी एका छोट्या कारखान्यात पगाराचं काम बघतो. दर वर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की कुणीतरी टेबलापाशी येऊन उभं राहतंच. यंदा पॅकिंगमधला नवा पोरगा होता. "साहेब, शंभर रुपये जास्त कापलेत."

चूक नव्हती. व्यवसाय कर, आमच्या भाषेत पीटी, अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापायचा. वर्षाचे बरोबर २,५०० जुळावेत म्हणून ही कसरत. पोरगा मान हलवून गेला. पुढचा प्रश्न त्यानं विचारला नाही, म्हणून मी सुटलो. कारण त्याच पगारपत्रकात डायरेक्टरसाहेबांच्या नावापुढेही ३००च होते.

पोराचा पगार १४ हजार, साहेबांचा ३ लाख. म्हणजे पोरगा शंभर रुपयांमागे दीड रुपया देतो आणि साहेब सात पैसे. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना १० हजारांच्या वर गेला, की तो कोट्यधीशाच्या रांगेत. बायकांना २०२३पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे. ती योग्यच, पण १४ हजारांत घर चालवणारा पुरुष कोणता श्रीमंत आहे?

या कराचा हेतू मात्र चांगला होता. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली, तिच्यासाठी १९७५मध्ये हा कर आला. शहरातल्या पगारदारानं गावाकडच्या मजुराच्या हाताला काम द्यायचं. यापेक्षा न्याय्य कर मला तरी सुचत नाही.

घोडं अडलंय ते राज्यघटनेच्या कलम २७६मध्ये. वर्षाला २,५००पेक्षा जास्त घ्यायचा नाही, ही मर्यादा १९८८ची. तेव्हा वर्षाला १८ हजारांच्या वर प्राप्तिकर सुरू व्हायचा. आज नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत शून्य. ती रेषा इतकी सरकली, आणि हे २,५०० जागच्या जागी. वरून वाढवता येत नाही, मग वसुली खालून.

आणि वर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ज्ञान फिरतं, 'देशात टॅक्स भरणारे मूठभर, बाकी सगळे फुकटे'. हा पोरगा मोबाइलच्या रिचार्जवर साहेबांइतकाच १८ टक्के जीएसटी भरतो. गाडीत पेट्रोल टाकलं की उत्पादन शुल्क आणि व्हॅट वेगळा. फुकटा कोण, हे ग्रुपवाल्यांनी एकदा माझ्या टेबलाशी बसून बघावं.

पुरुषांनाही २५ हजारांपर्यंत माफी द्यायला दिल्लीला जावं लागत नाही, ते मुंबईत विधानभवनात होतं. वरची मर्यादा उठवायला घटनादुरुस्ती हवी, ती संसदेनं करावी. महिना ३ लाखवाल्याकडून वर्षाला २५ हजार घेतले तरी त्याचा वाटा शंभरामागे सत्तर पैसेच होतो, पोराच्या निम्म्याहूनही कमी. साहेबांना हे जेवणाच्या सुट्टीत सांगून बघितलं. ते म्हणाले, "अरे, माझी पीटी कापतात होय?"