अकरा पानांचा पेपर

मेंदूवर काम करणाऱ्या कुठल्याही संशोधकाचं नाव निघालं की पहिला प्रश्न काय येतो, तर पेपर (म्हणजे शोधनिबंध) किती आणि एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांचे झालेले उल्लेख यांवरून काढलेला आकडा) किती. मला याचा मनापासून त्रास होतो, आणि का होतो ते सांगायला स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, म्हणून आज जरा लांब लिहितेय.

1957 साली मिलनरबाईंनी विल्यम स्कोव्हिल या सर्जनबरोबर एक पेपर लिहिला. पानं फक्त अकरा, पेशंट दहा. त्यातला एक म्हणजे एच. एम., नाव उघड होऊ नये म्हणून फक्त आद्याक्षरं वापरलेला पेशंट. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हिस्सा स्कोव्हिलनी काढला होता. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण नवीन काही लक्षातच राहीना. बुद्धी शाबूत, बोलणं व्यवस्थित, लहानपणीचं सगळं आठवतंय, पण आत्ता भेटलेला माणूस बाहेर जाऊन परत आला की त्याच्यासाठी पुन्हा अनोळखी. आठवणी मेंदूभर पसरलेल्या असतात, त्यांची वेगळी अशी जागा नाही, असं मानायचा तो काळ, आणि या अकरा पानांनी त्या समजुतीलाच धक्का दिला!

एच. एम.ला तपासायला मिलनरबाई कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून ट्रेनने अमेरिकेतल्या हार्टफर्डला जायच्या, टेस्टचं सामान बरोबर घेऊन. त्यातली आरशाची टेस्ट मला सगळ्यात आवडते. आरशात बघत कागदावरच्या चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. एच. एम. तीन दिवस ते करत होता, दिवसेंदिवस चुका कमी होत गेल्या आणि तरी दर वेळी त्याच्या दृष्टीने तो हे पहिल्यांदाच करत होता. म्हणजे हात शिकत होते पण आपण शिकलोय हे त्याला माहीत नव्हतं, म्हणजे स्मृती एकच नाही, निदान दोन प्रकारची आहे.

आता हे एच-इंडेक्सच्या भाषेत मोजून बघा. 2005 मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हा आकडा काढला. एच-इंडेक्स 50 म्हणजे तुमच्या 50 पेपरना प्रत्येकी निदान 50 सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरमध्ये झालेले उल्लेख, आहेत. मग एखाद्या पेपरला हजारो सायटेशन्स असली तरी यादीत तो एकच, पन्नास वेळा उल्लेख झालेल्या पेपरच्या बरोबरीचा. आणि हिप्पोकॅम्पसशिवाय नवीन आठवण पक्की होत नाही हे आता पाठ्यपुस्तकात गेलंय, ते लिहिताना दर वेळी 1957 चा उल्लेख कोण करतं? शोध इतका मुरला की नावच दिसेनासं झालं.

ओकीफ आणि डोस्ट्रोव्स्की या मेंदूच्या संशोधकांचा 1971 चा पेपर तर अवघ्या पाच पानांचा. उंदीर ठराविक जागी आला की हिप्पोकॅम्पसमधली ठराविक पेशी सक्रिय होते, एवढंच त्यात सांगितलेलं. 2014 मध्ये ओकीफना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी कावली या विज्ञानातल्या मोठ्या पुरस्कारात ते, मार्कस रायकल आणि मिलनरबाई एकत्र होते.

आकडे मोठे असतात ते सगळे पोकळच असं मात्र मी म्हणत नाहीये. मेंदूचेच संशोधक कार्ल फ्रिस्टन यांची सायटेशन्स अफाट आहेत, त्यात त्यांनी सुरू केलेल्या आणि फुकट वाटलेल्या एसपीएम सॉफ्टवेअरचा मोठा हात आहे, कारण ब्रेन स्कॅनचा डेटा तपासणारे ते वापरतात आणि पेपरमध्ये उल्लेख करतात. ते श्रेय त्यांचंच, पण तो प्रभाव हत्याराचा, मिलनरबाईंचा प्रश्नाचा, आणि आपण दोन्ही एकाच तराजूत टाकतो.

आणि याची किंमत तरुण पोरं मोजतात. पेपरची संख्या वाढवायची म्हणून छोटे छोटे प्रयोग करून छापत राहायचं. 2013 मध्ये एका गाजलेल्या विश्लेषणात न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांची सांख्यिकी ताकद साधारण 21 टक्क्यांच्या आसपास निघाली होती, म्हणजे खरा परिणाम असला तरी पाचातल्या चार वेळा तो हाताला लागायचाच नाही. निवड समितीने आकडा न बघता उमेदवाराचे तीन पेपर नीट वाचावेत, वेळ लागला तरी चालेल, असं माझं ठाम मत आहे.

अजून एक राहिलंच. मिलनरबाईंची विद्यार्थिनी सुझान कॉर्किन 1962 मध्ये एच. एम.ला भेटली आणि तो 2008 मध्ये जाईपर्यंत त्याच्यावर काम करत राहिली. शिष्येच्या आयुष्यभराच्या कामाचा रकाना गुरूच्या सीव्हीत कुठे असतो? आणि त्या माणसाचं नाव हेन्री मोलेसन होतं हे जगाला कळलं ते तो गेल्यावरच. पन्नासहून जास्त वर्षं तो दर टेस्टला नव्याने बसला, आणि एकाही पेपरवर लेखक म्हणून त्याचं नाव नाही.