चौघांचा गुन्हा एक, शिक्षा किती?

रविवारी संध्याकाळी पारावर विषय निघाला तो अण्णाच्या मेहुण्यावरून. गेल्या वर्षी रात्रपाळी संपवून परतताना त्याला तिघांनी अडवले. एकाने गळ्याला चाकू लावून यूपीआयचा पिन वदवून घेतला, दुसऱ्याने मोबाइल हिसकावला, तिसरा मोटारसायकल चालू ठेवून बसला होता. आणि त्या रस्त्यावर आलेलाच नव्हता अशा चौथ्याने पहाटेपर्यंत खात्यातून ३८,००० रुपये काढले. खटला चालू आहे.

"चौघांनी मिळून केले, चौघांनाही सारखीच कैद व्हायला हवी," अण्णा ठामपणे म्हणाला.

आमच्यातल्या वकिलाने मान हलवली. "सामाईक इरादा सिद्ध झाला तर चौघेही दोषी ठरतील, पण दोष सारखा म्हणून शिक्षाही सारखीच, असे कायदा सांगत नाही. जबरी चोरीत प्राणघातक हत्यार वापरले तर किमान ७ वर्षे कैद आहे, आणि ती हत्यार वापरणाऱ्यालाच लागते, सोबत्यांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केले आहे."

"मग मोटारसायकलवाल्याला काय, रस्ते झाडायला लावणार? नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आली आहे ना?" मास्तरांनी विचारले.

ती आली आहे, पण भारतीय न्याय संहितेने ती मोजक्या किरकोळ गुन्ह्यांपुरतीच ठेवली आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवा. जबरी चोरीला ती लागू नाही. तिथे तुरुंगाबाहेरचा मार्ग उरतो तो १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी देणारे बंधपत्र, जास्तीत जास्त ३ वर्षांचे, आणि गरज पडल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख. बंधपत्राची अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा दारात उभी राहते, त्यामुळे याला "मोकळे सोडले" म्हणणे मला पटत नाही.

अण्णाने नेमक्या जागी बोट ठेवले. "एक घरी आणि एक तुरुंगात, तर आतल्याला हा अन्याय वाटणार नाही?" ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढे १९८४ मध्ये लोव खटल्यात हाच प्रश्न होता, असे वकिलाने सांगितले. त्या निकालानुसार सहआरोपींच्या शिक्षेत विनाकारण तफावत असेल आणि एकाला रास्त तक्रार करण्यासारखे वाटत असेल, तर अपिलात हस्तक्षेप होऊ शकतो. मात्र वाटा, वय आणि पूर्वीची नोंद वेगळी असेल, तर शिक्षाही वेगळी असू शकते. मला हेच योग्य वाटते, फक्त फरकाची कारणे निकालपत्रात स्पष्ट लिहिलेली हवीत.

मला खरी चीड येते ती दोन गोष्टींची. आम्ही त्या वेळी पारावर पाच जण बसलो होतो. त्या रात्री रस्त्यावर टोळीचे एवढेच, म्हणजे पाच जण असते, तर गुन्हा दरोडा ठरला असता. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि जन्मठेपेच्या गुन्ह्याला बंधपत्राचा हा मार्गच बंद आहे. निव्वळ डोकी मोजून मोटारसायकलवाल्या पोराचे नशीब ठरले असते. दुसरी गोष्ट वयाची. २१ वर्षांखालील आरोपीला शक्यतो तुरुंगात पाठवू नये आणि पाठवायचे झाल्यास कारणे नोंदवावीत, असे त्याच परिवीक्षा अधिनियमाचे कलम ६ सांगते, पण हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे, दोषी ठरवण्याच्या दिवशीचे धरले जाते. तो मुलगा गुन्ह्याच्या रात्री १९ वर्षांचा होता. तारखा अशाच पडत राहिल्या, तर हे संरक्षण त्याच्या हातून निसटेल, आणि त्यात त्याचा दोष काहीच नसेल.

"आणि माझ्या मेहुण्याच्या पैशांचे काय?" अण्णा म्हणाला.

बंधपत्रावर सोडताना न्यायालय भरपाईचाही आदेश देऊ शकते, असे वकील म्हणाला. अण्णा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चाकूवाल्याबद्दल माझे मत बदलणार नाही. पण त्या पोराने नोकरी करून दरमहा पैसे फेडले, तर मेहुण्याला विचारून बघतो."